ईस्टरची अंडी नैसर्गिक पदार्थांनी रंगवणे

ईस्टरची अंडी नैसर्गिक पदार्थांनी रंगवणे ही ईस्टर (पुनरुत्थान दिन) या ख्रिस्ती सणानिमित्त कोंबडीची अंडी वनस्पतिजन्य पदार्थांच्या अर्कात उकळून किंवा भिजवून रंगवण्याची घरगुती पद्धत आहे. यासाठी कांद्याची साले, हळद, लाल कोबी, बीट, चहा, डाळिंबाची साल इत्यादी पदार्थ वापरले जातात. पूर्व युरोप, ग्रीस, कॉकेशस प्रदेश आणि इंग्लंडचा उत्तर भाग येथे ही पद्धत परंपरेने रूढ आहे. भारतात ती प्रामुख्याने अलीकडच्या काळातील हौसेचा आणि शालेय उपक्रमांचा भाग म्हणून आढळते. मात्र तिला लागणारी बहुतेक सामग्री मराठवाड्यातील सामान्य स्वयंपाकघरात सहज मिळते.

अंड्याचे कवच हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा थर असून त्यावर प्रथिनांचे पातळ आवरण असते. त्यामुळे भांड्यातील द्रावणाचा रंग आणि अंड्यावर उतरणारा रंग यांत पुष्कळदा फरक पडतो. हा फरक समजून घेणे हे या पद्धतीचे मर्म मानता येते. तसेच वापरलेला पदार्थ नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो खाण्यास सुरक्षित ठरत नाही. अंडे खायचे असल्यास खाद्य पदार्थांचेच रंग वापरावे लागतात.

## इतिहास

### अंडे आणि ईस्टर

अंड्याच्या कवचावर खुणा वा नक्षी करण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माहून फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे कोरीव तुकडे सापडले असून ते सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात. इराणमध्ये नवरोजच्या मांडणीत रंगवलेली अंडी ठेवण्याची प्रथा आहे.

ख्रिस्ती परंपरेत अंडे हे नवजीवनाचे, तर त्याचे बंद कवच हे येशू ख्रिस्ताच्या कबरीचे प्रतीक मानले जाते. ईस्टरशी अंड्याचा संबंध येण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबरच अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र या काळातही अंडी घालत असल्याने ती साठत जात. उपवास सुटल्यावर ही अंडी खाल्ली जात, भेट म्हणून दिली जात आणि सणासाठी रंगवलीही जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या नोंदींत ४५० अंडी रंगवून वा सोन्याच्या वर्खाने मढवून घेण्यासाठी १८ पेन्स खर्च केल्याचा उल्लेख आहे. पोप पाचवा पॉल याच्या काळात १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात ईस्टरच्या अन्नपदार्थांच्या आशीर्वादांमध्ये अंड्यांसाठीही प्रार्थना आहे.

### विविध देशांतील पद्धती

- ग्रीस : पवित्र आठवड्यातील गुरुवारी अंडी लाल रंगवली जातात. लाल रंग हा ख्रिस्ताच्या रक्ताचे प्रतीक मानला जातो. ईस्टरच्या वेळी दोन व्यक्ती आपापली अंडी एकमेकांवर आपटतात आणि ज्याचे अंडे फुटत नाही तो भाग्यवान समजला जातो.
- जॉर्जिया : येथे लाल रंगासाठी 'एंड्रो' म्हणजे मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीचे मूळ वापरतात. भारतीय रंगारी सुती कापडाला लाल रंग देण्यासाठी वापरत असलेली मंजिष्ठा याच प्रजातीतील आहे.
- युक्रेन : येथे दोन प्रकार वेगळे मानले जातात. एकाच रंगात रंगवलेल्या उकडलेल्या अंड्याला 'क्राशांका' म्हणतात व ते खाल्ले जाते. 'पिसांका' या प्रकारात वितळलेल्या मेणाने कवचावर रेषा काढून अंडे टप्प्याटप्प्याने फिक्या रंगातून गडद रंगात बुडवले जाते. हे तत्त्व बाटिक कापडाचेच आहे. पिसांका कलेचा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.
- उत्तर इंग्लंड : कांद्याच्या सालींत गुंडाळून उकळलेल्या अंड्यांना 'पेस एग' म्हणतात. सालींच्या कडांमुळे कवचावर संगमरवरासारखी नक्षी उमटते.

### कृत्रिम रंगांचे आगमन

विल्यम पर्किन याने १८५६ साली पहिला यशस्वी कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर काही दशकांतच कापडाप्रमाणे अंड्यांसाठीही तयार रंग बाजारात आले. अमेरिकेत १८८० च्या दशकात अंडी रंगवण्याच्या रंगाच्या तयार पुड्या विकल्या जाऊ लागल्या. तेजस्वी छटा आणि कमी वेळ यांमुळे अनेक देशांत कांद्याच्या सालींची जागा या पुड्यांनी घेतली. वनस्पतिजन्य रंगांकडे पुन्हा वाढलेला ओढा हा अन्नातील कृत्रिम रंगांविषयीच्या सावधगिरीशी निगडित आहे.

## महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबई आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजात ईस्टरचे अंडे मुख्यतः मार्झिपान (बदाम वा काजू आणि साखर यांचा गोळा), साखर किंवा चॉकलेट यांचे असते व बेकऱ्यांतून विकले जाते.

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा विस्तार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाला. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तर औरंगाबाद येथे चर्च मिशनरी सोसायटीचे काम रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी केले. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर असे झाले.

ईस्टरची तिथी चंद्राशी बांधलेली असल्यामुळे तिचा मराठी पंचांगाशी सहज मेळ बसतो. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर असतो, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात येतो. ही पौर्णिमा सामान्यतः फाल्गुन वा चैत्र महिन्याची, म्हणजे होळीची किंवा हनुमान जयंतीची असते. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला आणि ईस्टर लगेच दुसऱ्या दिवशी ३१ मार्चला होता. २०२५ मध्ये मात्र १२ एप्रिलच्या हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांनी, २० एप्रिलला ईस्टर आला.

रंगपंचमीसाठी पळसाची फुले उकळून रंग करण्याची जुनी पद्धत आणि अंडी रंगवण्याची पद्धत यांत साधने व तत्त्व पुष्कळसे सारखे आहे. दोन्हींत वनस्पतीचा अर्क पाण्यात उतरवला जातो आणि आम्ल वा क्षार मिसळून त्याची छटा बदलता येते. कांद्याची सालेही या भागात मुबलक असतात. जिल्ह्यातील वैजापूर, लासूर स्टेशन या बाजारपेठांत कांद्याची मोठी आवक होते. हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध असून वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

## कवचाला रंग कसा बसतो

कोंबडीच्या अंड्याचे कवच सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीचे असते. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते व उरलेला भाग मुख्यतः प्रथिनांचा असतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. सर्वांत बाहेर प्रथिनयुक्त पदार्थांचा अतिशय पातळ थर असतो, त्याला उपत्वचा म्हणतात.

रंग बसण्याच्या क्रियेत या दोन्ही घटकांचा वाटा असतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाण्यात घातल्यास दोन गोष्टी घडतात. पहिली, आम्लामुळे उपत्वचेतील प्रथिनांवर धन विद्युतभार येतो आणि ऋण भाराचे रंगाचे रेणू तिकडे ओढले जाऊन चिकटतात. रेशीम व लोकर हेही प्रथिनांचेच तंतू असल्यामुळे तेही आम्लयुक्त द्रावणात रंग चांगला धरतात. पैठणीचे रेशीम आणि अंड्याचे कवच यांत रंगाच्या दृष्टीने हे साम्य आहे. दुसरी गोष्ट अशी की, आम्ल व कॅल्शियम कार्बोनेट यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे निघतात आणि गुळगुळीत पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो. आम्ल जास्त झाल्यास ही झीज वाढून उपत्वचाच निघून जाते व रंग डागाळतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील रंगांची प्रक्रिया याहून वेगळी आहे. तेथील गेरू, पिवळी माती, काजळी व चुना ही न विरघळणारी खनिज वा तत्सम द्रव्ये असून ती चिकट माध्यमाच्या साहाय्याने गिलाव्यावर बसवलेली आहेत. हळद, कांदा वा कोबी यांचे रंग मात्र द्रावणात उतरून कवचाच्या थरात मुरतात. म्हणूनच ते ब्रशने लावण्याऐवजी भिजवून दिले जातात.

## प्रमुख रंगद्रव्ये

### कांद्याची साले

कांद्याच्या बाहेरील वाळलेल्या सालींत क्वेरसेटिन हे पिवळे रंगद्रव्य असते. लाल कांद्याच्या सालींत त्यासोबत तांबडी अँथोसायनिनेही असतात. सालींचा रंग उष्णता चांगली सहन करतो, त्यामुळे अंडे त्यातच उकळता येते. पांढऱ्या अंड्यावर वेळेनुसार फिकट नारिंगीपासून गडद तांबूस तपकिरीपर्यंत छटा मिळतात. सर्व नैसर्गिक रंगांत हा रंग सर्वांत भरवशाचा मानला जातो.

### हळद

हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून हळदीचे पाणी गाळले तरी त्यात बारीक कण राहतात आणि अंड्यावर ठिपके पडू शकतात. पाणी काही वेळ स्थिर ठेवून वरचे निवळ घेतल्यास रंग एकसारखा येतो. कुर्क्युमिन आम्लात व उदासीन द्रावणात पिवळे, तर क्षारयुक्त द्रावणात लाल होते. पारंपरिक पद्धतीने हळदीपासून कुंकू करताना याच गुणाचा उपयोग होतो. प्रकाशात हा रंग लवकर फिका पडतो, त्यामुळे हळदीने रंगवलेली अंडी उन्हात ठेवली जात नाहीत.

### लाल कोबी, गोकर्ण व जास्वंद

या वनस्पतींमध्ये अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्ये असतात. आम्लात ती गुलाबी वा लाल, उदासीन द्रावणाच्या आसपास जांभळी व निळी, तर सौम्य क्षारात हिरवट होतात. लाल कोबीच्या जांभळ्या अर्कात व्हिनेगर घातले की तो गुलाबी होतो, परंतु त्यातून बाहेर काढलेले अंडे निळे असते. कवचातील कॅल्शियम कार्बोनेट आपल्या लगतचे आम्ल निष्प्रभ करते, त्यामुळे पृष्ठभागावरील रंगद्रव्याला निळी छटा येते. भांड्यातील रंग आणि अंड्यावरील रंग वेगळे का, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. याच कारणाने जास्वंदीच्या लाल अर्कातून लाल अंड्याऐवजी बहुधा करड्या-निळसर छटेचे अंडे मिळते. गोकर्णाच्या फुलांचा अर्क मुळातच निळा असतो.

### बीट

बिटाचा गुलाबी रंग बिटानिन या द्रव्यामुळे येतो. तो उष्णतेने विघटित होतो, म्हणून अंडी बिटाबरोबर दीर्घकाळ उकळल्यास गुलाबीऐवजी मळकट तपकिरी छटा मिळते. बिटाचा अर्क थंड करून त्यात उकडलेली अंडी भिजवणे हीच योग्य रीत आहे.

### चहा व डाळिंबाची साल

या दोन्हींत टॅनिन भरपूर असते. चहाने तपकिरी, तर डाळिंबाच्या वाळलेल्या सालीने पिवळसर तपकिरी रंग येतो. टॅनिनचा लोखंडाशी संपर्क आल्यास काळपट रंग तयार होतो. त्यामुळे लोखंडी कढईत केलेले रंग बिघडतात.

### पळसाची फुले

पळस फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास फुलतो. त्याच्या फुलांत फ्लॅव्होनॉइड वर्गातील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये असतात. अर्क साधा असताना पिवळा व क्षार मिसळल्यावर गडद नारिंगी होतो. ईस्टर उशिरा असल्यास मार्चमध्ये सावलीत वाळवलेली फुले उपयोगी पडतात. पळसफुले नित्याच्या आहारातील नसल्यामुळे हा रंग रिकाम्या, शोभेच्या कवचांसाठी वापरणे अधिक योग्य ठरते.

### गैरसोयीचे पदार्थ

पालकातील हरितद्रव्य पाण्यात नीट उतरत नाही, त्यामुळे पालकाने मिळणारा हिरवा रंग अगदी फिका असतो. हिरव्यासाठी अंडे आधी हळदीत व नंतर लाल कोबीच्या अर्कात बुडवले जाते. नीळ पाण्यात विरघळत नाही व तिला विशेष प्रक्रिया लागते, म्हणून ती घरी अंड्यांसाठी वापरली जात नाही. आमसुलाचा अर्क रंगीत असला तरी फार आंबट असल्याने तो कवच झिजवतो.

## रंगांचा संक्षिप्त तक्ता

| पदार्थ | एक लिटर पाण्यासाठी प्रमाण | पद्धत | पांढऱ्या अंड्यावरील छटा |
|---|---|---|---|
| कांद्याची साले | ८ ते १० कांद्यांची | उकळून | नारिंगी ते तांबूस तपकिरी |
| हळद | ३ ते ४ मोठे चमचे | उकळून वा भिजवून | पिवळी |
| लाल कोबी | अर्धा गड्डा, चिरून | रात्रभर भिजवून | फिकट ते गडद निळी |
| बीट | २ मध्यम, किसून | थंड अर्कात भिजवून | गुलाबी |
| चहाची पूड | ४ ते ५ मोठे चमचे | भिजवून | तपकिरी |
| डाळिंबाची वाळलेली साल | २ फळांची | उकळून | पिवळसर तपकिरी |
| हळद, नंतर लाल कोबी | वरीलप्रमाणे | दोन टप्प्यांत भिजवून | हिरवी |

प्रमाणे अंदाजे असून पदार्थाचा ताजेपणा, पाणी आणि अंड्याचा मूळ रंग यांनुसार छटा बदलते.

## घरगुती कृती

### पूर्वतयारी

पांढऱ्या अंड्यांवर फिक्या छटा स्पष्ट दिसतात. गावरान अंड्यांचा तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन या द्रव्यामुळे असतो आणि तो वरच्या रंगात मिसळतो. अशा अंड्यांवर कांद्याचा वा चहाचा गडद रंग खुलतो, पण गुलाबी वा निळा मळकट दिसतो. अंडी कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसून घ्यावीत. घासणीने घासल्यास उपत्वचा निघते, तर बोटांचा तेलकटपणा राहिल्यास तेथे रंग बसत नाही.

भांडे स्टीलचे असावे. तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात व्हिनेगर घातल्यास धातू अन्नात उतरतो. पाण्याच्या गुणधर्माचाही परिणाम होतो. छत्रपती संभाजीनगर शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणीपुरवठा होतो, परंतु अनेक घरांत विंधन विहिरीचे जड पाणीही वापरले जाते. अशा पाण्यातील क्षारांमुळे कोबीचा अर्क आधीच निळा दिसतो आणि व्हिनेगर थोडे अधिक लागते. पिण्याचे गाळलेले पाणी वापरल्यास रंग अधिक खात्रीने येतो.

### गरम पद्धत

ही पद्धत कांद्याच्या साली, हळद व डाळिंबाची साल यांसाठी उपयुक्त आहे.

1. साले एक लिटर पाण्यात २० ते ३० मिनिटे मंद आचेवर उकळावीत.
2. अर्क गाळून पूर्ण थंड होऊ द्यावा. गार अंडी एकदम उकळत्या द्रवात टाकल्यास तडकतात.
3. प्रत्येक पाव लिटर अर्कास एक मोठा चमचा व्हिनेगर मिसळावे.
4. चार ते सहा कच्ची अंडी एका थरात ठेवून अर्काला हळूहळू उकळी आणावी व १० ते १२ मिनिटे मंद उकळावे.
5. अधिक गडद छटा हवी असल्यास अर्क गार करून अंड्यांसह फ्रिजमध्ये ठेवावा.

### थंड पद्धत

ही पद्धत बीट, लाल कोबी व चहा यांसाठी वापरतात. अर्क वेगळा तयार करून गाळून थंड केला जातो आणि त्यात वरील प्रमाणात व्हिनेगर मिसळून आधीच उकडलेली अंडी बुडवली जातात. अर्ध्या तासात फिकी छटा येते. गडद निळ्यासाठी अंडी फ्रिजमध्ये रात्रभर अर्कात ठेवावी लागतात.

अंडी बाहेर काढल्यावर ती पुसू नयेत. ओला रंग बोटाला लगेच लागतो. जाळीवर वा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वाळल्यावर तो पक्का होतो. वाळलेल्या अंड्यांवर गोडेतेलाचे एक-दोन थेंब कापडाने फिरवल्यास मंद चकाकी येते.

## नक्षीच्या पद्धती

- पानांची छाप : कोथिंबीर, मेथी, शेपू वा कढीपत्त्याचे ओले पान अंड्यावर चपटे बसवून त्याभोवती मलमलीचा तुकडा वा पातळ मोजा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधतात आणि अंडे कांद्याच्या सालींच्या अर्कात उकळतात. पानाखालचा भाग पांढरा राहून त्याची आकृती उमटते.
- सालींची गुंडाळी : अंडे कांद्याच्या ओल्या सालींत गुंडाळून कापडात बांधून उकळल्यास ठिकठिकाणी गडद-फिके पट्टे येतात.
- मेणरोध : पांढऱ्या मेणबत्तीने रेषा काढून अंडे थंड अर्कात बुडवतात. गरम पद्धतीत मेण वितळत असल्याने ती येथे चालत नाही.
- कोरणे : रंगवलेल्या अंड्यावर लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीने नक्षी काढल्यास त्या रेषांपुरता रंग निघून पांढरे कवच दिसते.

## सामान्य दोष व कारणे

- रंग तुकड्यातुकड्यांनी येणे : पृष्ठभाग तेलकट असणे, अंडी एकमेकांना चिकटून ठेवणे किंवा कवचावरील शिक्का न पुसणे.
- रंग फारच फिका येणे : अर्क पातळ असणे, आम्ल न घालणे किंवा वेळ कमी देणे.
- कवच खरबरीत होऊन रंग पापुद्र्यासारखा निघणे : व्हिनेगर जास्त होणे.
- बिटाचा रंग तपकिरी होणे : अर्क जास्त उकळणे.
- बलकाभोवती हिरवट कडे दिसणे : याचा रंगाशी संबंध नसतो. अंडे जास्त वेळ उकळल्याने बलकातील लोह व पांढऱ्यातील गंधक यांचा संयोग होऊन हे कडे तयार होते.

## सुरक्षितता

### तापमान

उकडल्यावर अंड्याच्या नैसर्गिक संरक्षक आवरणाची हानी होते आणि ते गार होताना छिद्रांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून रंगाचा अर्क स्वच्छ व पिण्यायोग्य पाण्याचाच असावा लागतो. उकडलेली अंडी सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक, आणि ३२ अंश सेल्सियसहून अधिक तापमानात एका तासापेक्षा अधिक ठेवू नयेत, असा सर्वमान्य संकेत आहे.

थंड हवेच्या देशांत अंडी बागेत लपवून मुलांनी शोधण्याचा खेळ खेळला जातो. छत्रपती संभाजीनगर येथे एप्रिल महिन्यात दुपारचे तापमान सामान्यतः ३८ अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक असते. तेथे हा खेळ खाण्याच्या अंड्यांनी खेळणे धोक्याचे ठरते. त्यासाठी रिकामी कवचे वापरावीत आणि खाण्याची अंडी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावीत. तडा गेलेले अंडे रंगवून ठेवू नये.

### नैसर्गिक परंतु अखाद्य

कापड रंगवताना रंगबंधक म्हणून वापरले जाणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) विषारी आहे. हिराकस (फेरस सल्फेट) हाही खाण्याच्या अंड्यांवर वापरण्याचा पदार्थ नाही. अंड्यांसाठी व्हिनेगर पुरेसे असल्याने यांपैकी कशाचीही गरज नसते. मंजिष्ठेचा लाल रंग शोभेच्या कवचांपुरता मर्यादित ठेवावा. रंगपंचमीसाठी 'नैसर्गिक' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्या खाद्य रंग नसतात. कण्हेर, रुई, धोतरा या बागेत व रस्त्याच्या कडेला सहज आढळणाऱ्या वनस्पती विषारी असल्याने त्यांची पाने-फुले छापासाठीही वापरू नयेत.

हळदीच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक असते. सुट्या हळदपुडीचा पिवळेपणा वाढवण्यासाठी लेड क्रोमेट वा मेटॅनिल यलो यांची भेसळ केल्याची प्रकरणे दक्षिण आशियात उघडकीस आली आहेत. लेड क्रोमेटमधील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. अख्खी हळकुंडे आणून घरी दळल्यास ही जोखीम बरीच कमी होते.

### रिकामी कवचे

टिकाऊ शोभेच्या अंड्यांसाठी कच्च्या अंड्याच्या दोन्ही टोकांना सुईने भोके पाडून आतील भाग बाहेर काढला जातो. कच्च्या अंड्यात व त्याच्या कवचावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून तोंडाने फुंकण्याऐवजी रबरी फुगा किंवा सुई नसलेली पिचकारी वापरणे इष्ट ठरते. बाहेर काढलेला भाग लगेच पूर्ण शिजवून वापरता येतो. कवच आतून धुऊन व पूर्ण वाळवून मगच रंगवतात. ते पाण्यावर तरंगत असल्याने चमच्याने अर्कात दाबून धरावे लागते.

## शैक्षणिक उपयोग

हळद, जास्वंद आणि लाल कोबी यांचा नैसर्गिक दर्शक म्हणून शालेय विज्ञानात परिचय करून दिला जातो. रिकाम्या कवचांवर हेच प्रयोग ठळकपणे दाखवता येतात. हळदीने पिवळे झालेले कवच चुन्याच्या निवळीत बुडवल्यास लालसर होते आणि लिंबाचा रस लावल्यास पुन्हा पिवळे होते. लाल कोबीच्या गुलाबी अर्कातून निळे कवच बाहेर येण्याच्या प्रयोगातून आम्ल व कार्बोनेट यांची अभिक्रिया दिसते. अंडे नुसत्या व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवल्यास संपूर्ण कवच विरघळून केवळ पातळ पडद्यातील मऊ अंडे उरते. रंगाच्या द्रावणात व्हिनेगरचे प्रमाण मर्यादित का ठेवावे, याचे उत्तर या प्रयोगातून मिळते.

चुन्याची निवळी डोळ्यांना अपायकारक असल्यामुळे हे प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली केले जातात आणि त्यांत वापरलेली अंडी खाल्ली जात नाहीत.

## हेही पाहा

- ईस्टर
- रंगपंचमी
- पळस
- रंगबंधक
- अँथोसायनिन
- बाटिक